बाबांच्या नावाची बरणी

राखेचा बुधवार, १४ फेब्रुवारी

“लिनेट, त्या घेवड्याला जरा एकटं सोड, तो काही पळून चाललेला नाही.”

आई हे म्हणाली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि परसातल्या वाफ्यात पेरलेला दाणा तिसऱ्यांदा उकरून बघत होते. मूळ फुटलंय का, एवढंच मला बघायचं होतं. फुटलं होतं. मी बघितलं म्हणून ते वाळलं. चाळीस वर्षांनी आज ते वाक्य आठवलं, तेही चर्चच्या तळघरात, एका हातात रताळं आणि दुसऱ्या हातात टूथपिक धरून उभी असताना.

कल्पना आमच्या चर्चचे पाळक टॅनर यांची. आज राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मंडळीतल्या प्रत्येक घराला एक रताळं आणि एक काचेची बरणी. रताळ्याला टूथपिक टोचून ते बरणीच्या तोंडावर टेकवायचं, खालचं टोक पाण्यात. काचेतून मुळं दिसणार. “आपली आध्यात्मिक वाढ डोळ्यांना दिसत नाही, हेच तर आपलं दुखणं आहे,” पाळक म्हणाले. “मुळं दिसली की माणसाला हुरूप येतो.” दर रविवारी प्रत्येकाने आपली बरणी चर्चमध्ये आणायची, मुळं पट्टीने मोजायची आणि लांबी फळ्यावर लिहायची. ईस्टरला उपासना संपली की सगळ्यांनी मिळून रताळी चर्चसमोरच्या हिरवळीत लावायची. उपक्रमाचं नाव ‘खोल मुळं’.

ईस्टर यंदा एक एप्रिलला आहे. एक एप्रिलला उत्तर मिनेसोटात जमिनीत कुदळ शिरत नाही. बैठकीला बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, निम्मे तर शेतकरीच. पंचकमिटीचे अध्यक्ष लॉइड क्वामे कॉफीत बघत म्हणाले, “हं. हे जरा वेगळंच आहे.” त्यांची बायको आर्डिसकाकू म्हणाल्या, “वेगळंच आहे बाई, खरंच.” आमच्या गावात एखादीच्या पदार्थाला ‘वेगळाच आहे’ म्हटलं तर ती बाई जन्मात पुन्हा तो करत नाही. पण पाळक शहरातून आलेले, दीड वर्ष झालं तरी त्यांना ती स्तुती वाटते. ते खुशीत हसले आणि उपक्रमप्रमुख म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं.

मी हो म्हणाले. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर बाबा एकटे यायचे, नेहमीच्या बाकावर बसायचे, गीतं म्हणायचे. गेल्या ऑक्टोबरपासून ते आत येत नाहीत. चर्चपर्यंत मात्र येतात. दर रविवारी त्यांची पिकअप पार्किंगमध्ये चर्चकडे तोंड करून उभी असते, इंजिन चालू, आणि आमची उपासना संपेपर्यंत बाबा आत बसून असतात. मग खिडकी खाली करून मला विचारतात, “काय, ठीक?” मी म्हणते, “ठीक.” आणि ते घरी जातात.

मला एवढंच हवंय. ईस्टरला बाबा आत यावेत.

मी त्यांच्या नावाची बरणी भरली आहे. त्यांना सांगितलेलं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

बाहेर उणे सव्वीस. बरण्यांना कानटोप्या, मोजे, तान्ह्या बाळाची दुलई, काय काय गुंडाळून लोक आले. मोजायला काहीच नव्हतं. चार दिवसांत रताळ्याला काय फुटणार? तरी सगळे पट्टी घेऊन रांगेत उभे राहिले आणि मी फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं. पाळक म्हणाले, “शून्यापासूनच सुरुवात होते!” आर्डिसकाकूंनी हळूच विचारलं, “माझ्यात एक पांढरा ठिपका आहे, तो धरायचा का?”

बरण्या मांडायला मागच्या ‘ओळखीच्या कोपऱ्यात’ फळी लावली आहे. तिथे सोफे आहेत, कॉफीचं यंत्र आहे. ओळख होण्यासाठी केलेला कोपरा. पण इथे सगळे एकमेकांना बाप्तिस्म्यापासून ओळखतात, त्यामुळे तिथे कोणी बसत नाही. बरण्यांमुळे निदान त्याचा काही उपयोग झाला.

प्रार्थनेत डोळे मिटले होते, पण पूर्ण नाही. उजवीकडच्या खिडकीतून पिकअपचा धूर दिसत होता.

रविवार, २५ फेब्रुवारी

आजचा शास्त्रपाठ माझ्याकडे होता. मलकीसदेक या नावाला मी अडखळले, दोनदा. नंतर पार्किंगमध्ये बाबांनी खिडकी खाली केली.

“काय, ठीक?”

“ठीक.”

“त्या मलकीसदेकला आज बराच त्रास दिलास म्हणे.”

मी बघतच राहिले. उपासना संपून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. म्हणजे आर्डिसकाकू धावत बाहेर येऊन आधी हेच सांगून गेल्या. या वयात पायऱ्यांवरच्या बर्फावरून इतक्या वेगाने चालतात, हेही एक आश्चर्यच.

घरी आल्यावर डेलला म्हटलं, “बाबा तासभर गाडीत बसून करतात काय? रेडिओवर धान्याचे भाव ऐकत असतील.”

डेल बूट काढत म्हणाला, “रविवारी भाव नसतात.”

“मग बास्केटबॉल.”

“सकाळी दहाला?”

माझा नवरा बोलतो कमी आणि जे बोलतो त्याने काही मदत होत नाही.

रविवार, ४ मार्च

आर्डिसकाकूंची मुळं सात इंच. गेल्या रविवारी एक इंच होती.

सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी हेही बघितलं की रताळ्याचा रंग बदललाय. गेल्या आठवड्यात तांबडं होतं, आता पिवळट. वर टूथपिकऐवजी काट्यासारखं काहीतरी टोचलेलं. कोणी काही म्हटलं नाही. लॉइडकाका सोफ्याच्या शिवणीचं निरीक्षण करू लागले. पाळकांनी बरणी उचलून उजेडात धरली आणि प्रवचनाला तिचाच विषय घेतला. बायबलमधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं खडकाळ जमिनीवरचं बी मुळाअभावी करपतं, “पण आपल्या आर्डिसकडे बघा, एका आठवड्यात सात इंच!” आर्डिसकाकूंनी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असेल.

आमच्या घराच्या बरणीला चार इंच आहेत, छान पांढरी दाट. बाबांच्या बरणीला काही नाही. पाणी बदललं, खिडकी बदलली, फ्रिजवर उबेला ठेवली. रताळं आहे तसं. फळ्यावर ‘ऑर्व्हिल हाउगेन’ आणि पुढे शून्य. खाली एकही नाव नाही. वर मात्र अख्खं गाव.

मी रात्री डेलला म्हटलं, “दुकानात कोंब येऊ नयेत म्हणून रताळ्यांवर काहीतरी फवारतात. त्यातलंच असेल.”

“असेल,” तो म्हणाला.

“म्हणजे बाबांचा काही दोष नाही.”

त्यावर तो वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

बुधवार, ७ मार्च

आज बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. आमची बाबांना, बाबांची आम्हाला. पाप आहे का हे? खोटं आहे, हे नक्की. पण मुळं खरी आहेत, माणसंही खरी आहेत, मी फक्त कोण कोणाचं हे बदललं. आणि उपक्रमप्रमुखाच्या बरणीत शून्य असेल तर ती नम्रतासुद्धा ठरेल.

हे वाक्य वाचून मला माझीच थोडी भीती वाटली. तरी खोडत नाही.

रविवार, ११ मार्च

घोटाळा झाला.

फळ्यावर बाबांच्या नावापुढे सहा इंच. मंडळीला कोण आनंद! उपासना संपल्यावर लोक थेट पार्किंगमध्ये गेले. मी कोट घालून पोचेपर्यंत पिकअपभोवती कोंडाळं जमलं होतं.

“ऑर्व्हिल, जोरात आहेत हं तुझी मुळं!”

“कुठली मुळं?”

“अरे, लाजतोस काय! गाडीत बसून सहा इंच म्हणजे गंमत नाही.”

“आर्डिसच्या खालोखाल तूच,” लॉइडकाका म्हणाले, आणि मग जरा थांबून, “म्हणजे खरं तर तूच.”

पाळकांनी खिडकीतून हात आत घालून बाबांचा हात दाबला. “ऑर्व्हिल, देव बाहेरही काम करतो, हे तुमच्या बरणीने दाखवून दिलं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बर्फाकडे. मग ते म्हणाले, “हे जरा वेगळंच आहे.”

पाळक म्हणाले, “आभारी आहे!”

सगळे पांगल्यावर मी खिडकीशी गेले. बाबा काही विचारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, “काय, ठीक?” मी म्हटलं, “ठीक.” तेवढ्यात शेजारच्या सीटकडे लक्ष गेलं. तिथे आईची निळी उशी होती, तिने चर्चच्या बाकासाठी शिवलेली, कोपऱ्यात एक बटण वेगळं असलेली. ती हरवली म्हणून बायकांच्या मंडळात केवढी चौकशी झाली होती! ओळखीचा कोपरा केला तेव्हा कोणीतरी कचऱ्यात टाकली, असं ठरलं होतं.

“बाबा, ही इथे कशी? चिखल लागेल ना तिला.”

“तिथे कोणी पाय ठेवत नाही,” ते म्हणाले आणि काच वर केली.

मी ती घरी आणून धुवायला हवी. पुढच्या वेळी मागेन.

बुधवार, १४ मार्च

संध्याकाळच्या सूप-प्रार्थनेला गेले होते. मटारचं सूप, पाव, मग अर्धा तास शांतता. शांततेत मला कोणाचा विचार यायला हवा होता आणि कोणाचा आला, ते देवाला माहीत.

पाळक म्हणाले की स्वतःला विचारा, माझी मुळं कुठे आहेत. मी विचारलं. उत्तरादाखल आमचा बाक दिसला. मागून दुसरा, डावीकडचा. आई कडेला बसायची, कारण तिला खोकला आला की पटकन उठता यायचं. मग बाबा. मग मी, भिंतीकडून. आईच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या आणि प्रवचन लांबलं की त्या बाबांच्या गुडघ्यावरून माझ्यापर्यंत यायच्या. कागद वाजला की बाबा खाकरायचे, म्हणजे कागदाचा आवाज झाकला जाई. पाळक बदलले, गोळ्या त्याच.

तो बाक ऑक्टोबरमध्ये गेला. मागचे तीन बाक काढून ओळखीचा कोपरा करायचा, असा पाळकांचा प्रस्ताव होता. कोणाला तो नको होता, पण विरुद्धही कोणी नव्हतं. अनुमोदन मी दिलं. कोणीतरी द्यायचं होतं आणि जेवण गार होत होतं. त्याच सुमाराला बाबांनी आत येणं थांबवलं. दुःख दोन वर्षांनी उसळून येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते खरं असावं.

झावळ्यांचा रविवार, २५ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

लहान मुलं झावळ्या हलवत आली, गीत झालं, प्रवचन सुरू झालं. पाळक सांगत होते की खरं मूळ पाणी शोधत शोधत जातं, त्याला कोणी दिशा दाखवावी लागत नाही. आणि मागचं दार उघडलं. थंड हवेचा झोत आला. सगळ्यांनी वळून बघितलं.

बाबा! टोपी हातात, बुटांना बर्फ. दारात उभे.

पाळकांचं वाक्य अर्धवट राहिलं. आर्डिसकाकूंनी छातीवर हात ठेवला. मी उठलेसुद्धा. डेल बाजूला सरकला, त्यांना जागा करायला. मला वाटलं, झालं, देवाने ऐकलं, आणि तेही ईस्टरच्या एक आठवडा आधीच.

बाबा चार पावलं आत आले. डावीकडे, जिथे बाक होता तिथे, सोफ्याकडे आणि बरण्यांकडे एकदा बघितलं. मग भिंतीशी बसलेल्या लॉइडकाकांकडे झुकले आणि कुजबुजले. पण बाबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं वेदीपर्यंत जातं.

“लॉइड, बटण.”

“काय?”

“बटण लावायचं राहिलंय. प्रवचनाची वेळ झाली तरी नुसती खरखर येतेय.”

लॉइडकाका लाल झाले. भिंतीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. बाबांनी मान हलवली, टोपी घातली आणि बाहेर गेले. दार लागलं.

आमची उपासना गावच्या रेडिओवरून जाते, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी. मी लहानपणापासून हे बटण बघत आले आहे.

मलकीसदेक. म्हणजे आर्डिसकाकूंनी काही सांगितलंच नव्हतं.

पाळक सावरून म्हणाले, “बघा, आपल्यातला एक जण दारापर्यंत आला!” लोकांनी मान डोलावली. मी खाली बसले. उरलेलं प्रवचन मी ऐकलं नाही, पण बाहेर कोणीतरी ते ऐकत होतं, एवढं मला कळत होतं. शेवटच्या गीताला मी मोठ्याने गायले. माझा आवाज काही चांगला नाही.

नंतर खिडकीशी गेले.

“काय, ठीक?”

“बाबा, तुम्ही दर रविवारी...”

“शेवटच्या कडव्यात वर गेलीस,” ते म्हणाले. “आई पण जायची.”

मंगळवार, २७ मार्च

ईस्टरसाठी लांब टेबल हवं होतं, म्हणून लॉइडकाकांकडे गेले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये दाराशीच आमचा बाक होता. त्यावर तेलाचे डबे, हातमोजे. शिकारीचे बूट काढायला लॉइडकाका त्यावर बसतात. कडेच्या हाताच्या टेकूवरचा घासलेला भाग मी लगेच ओळखला. आई उठताना तिथे हात ठेवायची.

“ऑर्व्हिल आला होता,” लॉइडकाका दुसरीकडे बघत म्हणाले. “ऑक्टोबरात, आम्ही तो इथे आणला त्या आठवड्यात. म्हणाला, बघायला आलोय. डबे बाजूला केले आणि बसला जरा वेळ.”

“कुठे बसले?”

“कुठे म्हणजे? मधे. कडेची जागा सोडून.”

मी त्या घासलेल्या टेकूवर हात ठेवला.

“मी म्हटलं, घेऊन जा रे घरी. तर म्हणाला, घरी नेऊन काय करू, तो चर्चचा आहे.” लॉइडकाकांनी नाक पुसलं. “मला तेव्हाच बैठकीत सांगायला हवं होतं. पण प्रस्ताव मंजूर झाला होता. आणि कोणी काही बोलत नव्हतं.”

“मी अनुमोदन दिलं होतं,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “कोणीतरी द्यायला हवंच होतं.”

परत येताना चर्चमध्ये थांबले. पाळकांना विचारलं की एक बाक, फक्त एक, परत आणता येईल का. त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फार चांगला माणूस आहे, ऐकताना डोळे ओलेसुद्धा झाले. मग म्हणाले, “लिनेट, तुझी भावना मला समजते. पण मुळं म्हणजे मागे अडकून राहणं नव्हे. आणि तिथे आता आपल्या बरण्या आहेत ना.”

ईस्टर, १ एप्रिल

उणे नऊ, वारा, बारीक हिमाचा चुरा.

ख्रिस्त उठला आहे, खरोखर उठला आहे, हे म्हणून झाल्यावर सगळी मंडळी बरण्या घेऊन हिरवळीवर आली. हिरवळ म्हणजे तिच्यावरचं बर्फ. पाळकांनी कुदळ उचलली, मारली, आणि कुदळ टण्ण करून उलटी आली. त्यांचा चेहरा बघवेना. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“थांबा, माझ्याकडे आहे काहीतरी,” लॉइडकाका म्हणाले आणि तळ्यावर मासे धरताना बर्फाला भोक पाडायचं मोटरचं गिरमिट गाडीतून घेऊन आले. ते बर्फासाठी असतं, मातीसाठी नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. पहिलं भोक वीतभर गेलं. दुसऱ्याला पातं तुटलं.

“अरेरे, पातं!” पाळक म्हणाले.

“काही नाही, जुनंच होतं,” लॉइडकाका म्हणाले. नाताळात घेतलंय.

मग आर्डिसकाकूंनी सुचवलं की कॉफीच्या मोठ्या भांड्यातलं उकळतं पाणी ओतावं. ओतलं. वाफ आली, कॉफीचा वास सुटला, आणि दहा मिनिटांत सगळीकडे बर्फाची काच तयार झाली. तिच्यावरून मंडळीतले वॉरेन थोर्सन बरणीसकट घसरले. तरीही कोणी म्हटलं नाही की हे नको. उलट सगळे म्हणत होते, “छान झालं, छान झालं,” आणि पायांनी बर्फ सारून उथळ खळगे करत होते.

बाबांची पिकअप पंधरा फुटांवर. बाबा काचेतून बघत होते. आर्डिसकाकू बाबांच्या नावाची, म्हणजे खरं तर आमची, बरणी घेऊन गेल्या आणि काचेवर टकटक केलं.

“ऑर्व्हिल, चल ये, तुझं तू लाव.”

बाबांनी काच खाली केली, बरणी हातात घेतली, फिरवून बघितली. “याला या थंडीत बाहेर कशाला नेता?” ते म्हणाले. “मरेल ते.”

बर्फ सारणारे पाय थांबले. वाराच काय तो. दीड महिना अख्ख्या मंडळीला जे तोंडातून काढता आलं नव्हतं, ते बाबांनी साध्या आवाजात सांगून टाकलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

आर्डिसकाकूंनी आपली बरणी बघितली. “मग माझंही ठेव बाबा आत,” त्या म्हणाल्या. “आणि हे माझं नाहीच. माझं दुसऱ्या आठवड्यातच कुजलं. हे मी फर्गस फॉल्सच्या रोपवाटिकेतून आणलंय.”

“माहितेय,” लॉइडकाका म्हणाले.

“सगळ्यांना माहितेय,” कोणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसायला लागले. पाळकसुद्धा, जरा उशिराने. मग एकेक जण पिकअपशी येऊ लागला. डॅशबोर्डवर बरण्यांची रांग लागली. पायाशी, गिअरशी. आर्डिसकाकू शेवटची एक बरणी शेजारच्या सीटवर ठेवायला वाकल्या, तेव्हा बाबांनी उशीवर हात ठेवला.

“तिथे नको,” ते म्हणाले.

उशीवर आईचं गीतपुस्तक होतं. आज म्हटलेल्या शेवटच्या गीताच्या पानावर उघडं. शेजारी कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी.

आर्डिसकाकूंनी बरणी पोटाशी धरली आणि मागे सरल्या. मीही.

सोमवार, २ एप्रिल

जी रताळी पाळकांनी काल आधीच त्या उथळ खळग्यांत लावली होती ती सकाळपर्यंत काळी पडली होती. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “दाणा मेल्याशिवाय फळ देत नाही, तसं असेल का?” मी म्हटलं, “नाही, पास्टर. हे गारठून मेलंय.” मग म्हणाले, “मला कोणी सांगितलं का नाही?” मी म्हटलं, “आम्ही सांगितलं होतं. आमच्या पद्धतीने.”

ते बिगरमुळाचं रताळं, जे खरं बाबांचं होतं, मी घरात मातीच्या कुंडीत लावलं. रोज सकाळी हात तिकडे जातो. अजून उकरलेलं नाही.

बुधवार, ४ एप्रिल

पंचकमिटीची बैठक. मी लेखी प्रस्ताव ठेवला: एक बाक परत. अनुमोदनाला जरा वेळ लागला, मग लॉइडकाका म्हणाले, “देतो.” मग बाकीचे म्हणाले की सोफे देणगीत आलेत, देणाऱ्याला वाईट वाटेल. देणाऱ्या आर्डिसकाकू. त्या म्हणाल्या, “मला कशाला वाईट वाटेल?” पण तोवर विषय पुढच्या महिन्यावर टाकलेला होता. पुढच्या महिन्यात पेरण्या असतात, कोणी येत नाही.

पाळकांनी ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्टच्या सणासाठी नवा उपक्रम मांडला. नाव ‘फांद्या’. मग वॉरेन थोर्सन, जे घसरले होते, म्हणाले, “हे वेगळंच आहे.”

पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. शिकताहेत.

शनिवार, ७ एप्रिल

उद्या रविवार. उद्याचा शास्त्रपाठ माझाच आहे, सोपा आहे, त्यात कठीण नावं नाहीत.

आठवडाभर मी एकच गोष्ट उकरत होते. बाबांना आत कसं आणायचं, हा माझा प्रश्न होता आणि मला वाटत होतं तो प्रार्थनेचा प्रश्न आहे. पण ते गेलेच नव्हते. दर रविवारी वेळेवर येत होते, तिच्यासाठी जागा सोडून बसत होते, गोळी आणत होते, गीत काढून ठेवत होते. त्यांना आत यायचंच होतं. आम्ही त्यांची जागा ओळखीला दिली आणि त्यांना कळेना आता बसायचं कुठे.

माझी मुळं फळ्यावर सहा इंच होती, तीही बाबांच्या नावाने. खरी किती आहेत, ते मला सांगता येणार नाही. काचेची बरणी नसेल तर कशी बघायची?

आज दुपारी पिकअप धुवायच्या निमित्ताने शेतावर गेले होते. बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडल्यात. बाबा त्यांचं पाणी बदलत होते, एकेकीचं नाव वाचून. “आर्डिसचं हे बरं चाललंय,” म्हणाले. “विकतचं असलं तरी.” उशीला चिखल लागलेला नव्हता. मी ती धुवायला मागितली नाही.

विचारायचं होतं ते तिथे विचारता आलं नाही. उद्या खिडकीशी विचारेन, आत जायच्या आधी. ते काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणतील, तुझा पाठ आहे, जा आत, लोक खोळंबलेत. म्हणतील, ही जागा तशी रिकामी नाही. आणि ते खरंही आहे. लॉइडकाकांना मी फोन करून ठेवला आहे, पाठ ते वाचतील आणि बटण विसरणार नाहीत.

बाबा, आज मी गाडीत बसू का, तुमच्या शेजारी? उशी मी मांडीवर घेईन.